उणे सात

नार्वाच्या रोजगार कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
मंगळवारी आणि गुरुवारी आम्ही जावा शिकतो.
खिडकीखाली नदी. नदीपलीकडे दुसरा देश,
त्याचे दिवे आमच्यापेक्षा पिवळे.

राइको तालिन्नहून बसने येतो. माझ्या धाकट्यापेक्षा लहान.
म्हणतो, रिम्मा फदेयेव्ना, चाक पुन्हा शोधायचं नाही.
रांग लावणं, शोधणं, भरणं, नक्कल काढणं,
सगळं कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय,
तुम्ही फक्त नाव घेऊन हाक मारा.

आयत्या पिठावर रेघोट्या, मी मनात म्हटलं.
एकतीस वर्षं सूतगिरणीत काढली मी.
बॉबिनी नंबरवार लावताना बोटांची कातडी जायची,
आणि इथे एक ओळ,
शेवटी अर्धविराम.

सरावाला राइकोने फळांची नावं दिली होती.
मला फळं नको होती.
मी आमची पाळी टंकली, मागांच्या रांगेप्रमाणे,
दाराकडून खिडकीकडे:
तोमा, झोया, साल्मे, लिदा, फ्रोस्या,
एल्गा, क्लावा, माइमू, वार्या, रायसा, आग्निया.
अकरा जणी. ॲरेला लांबी आधी सांगावी लागते,
मी अकराच सांगितली.

मग सॉर्टला हाक मारली.
डोळ्याचं पातं लवायच्या आत हजेरी अकारविल्हे:
आग्निया पहिली.
आणि आमच्या लिपीत तिसरी येणारी झोया
इथे पार शेपटाला.
मी हसले. मग हसू थांबलं.

मागांची रांग गेली होती.
कोण कुणाशेजारी उभी राहायची,
कुणाच्या आरोळीला कुणाची मान वळायची,
त्या आवाजात ओठांवरून बोलणं वाचायचो आम्ही,
ते सगळं याच अकरा खणांत होतं
आणि आता नव्हतं.
राइको म्हणाला, सॉर्ट जागच्या जागी फिरवतं,
जुनं हवं असेल तर आधी कॉपी.
आधी सांगायचं ना, बाळा.

पुन्हा टंकलं. या खेपेला बोटं मोजत.
साल्मे आणि लिदा यांच्यामध्ये
बोट अडलं.
तिथे एक माग होता. सातवा नव्हे, चौथा.
मी पुढे गेले.
त्याच्याआधी मात्र नक्कल काढून ठेवली.

पुढचा धडा बायनरी सर्चचा.
रांग लावलेली असेल तरच शोधतं ते,
दर वेळी मधोमध उघडतं, अर्धं टाकून देतं,
माणसं विसरताना आपण करतो तसं.
राइको म्हणाला, नसलेलं काहीतरी शोधा.
नसलेलं.
मी लिहिलं: नेल्ली.

उत्तर आलं, उणे सात.

नाही, एवढंच म्हणालं असतं तर मी यंत्र बंद केलं असतं.
पण राइकोने फळ्यावर उलगडून दाखवलं:
उणे म्हणजे सापडलं नाही,
सातातून एक वजा करा, सहा,
सापडलं असतं तर सहाव्या खणात असतं.
माइमूनंतर. रायसाच्या आधी.
खण शून्यापासून मोजायचे, हे मात्र विसरू नका.

तुटलेल्या धोट्याचं मास्तराला तिनेच सांगितलं
असं मी धरून बसले होते.
माझा बोनस गेला. त्याच वर्षी ती पूल ओलांडून
बहिणीकडे गेली, आणि पुढे
पुलाच्या मध्यावर फाटक बसलं.
मी कधी विचारलं नाही.
यंत्राला यातलं काही ठाऊक नाही,
तरी तिची जागा त्याने बोटभर चुकवली नाही.

बाकीचे कोट चढवत होते.
मी कॉपीला बारा लांबी दिली.
अकरा नावं आली, शेवटच्या खणात नल.
शून्य नाही हं, राइको म्हणाला, नुसता खण.
तसंच सॉर्ट करायला गेले तर
पडदाभर लाल अक्षरं.
रिकाम्याला रांगेत लावता येत नाही,
त्याची तुलना कशाशी करणार?

साडेआठची बस होती राइकोची.
म्हणाला, आधी त्या खणात काहीतरी भरा,
मग पुन्हा चालवा.

दिवा मी बंद करीन, म्हटलं. तू नीघ.